साक्षीदार क्रमांक दोन

वकीलबाईंचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टामागच्या गल्लीत.
खाली झेरॉक्स, वर त्या.
पंख्याने कागद उडतात
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक दगड,
गुळगुळीत, मुठेतलेच असावेत.

त्या मसुदा वाचू लागल्या:
मी, कुमारी प्रमिला गजानन आगाशे, वय एकाहत्तर,
धंदा – काही नाही.
“सेवानिवृत्त लिहा,” मी म्हटलं.
एकतीस वर्षं कॅम्पातल्या एक्स्चेंजमध्ये
लोकांना लोकांशी जोडून दिलं,
त्याला काही नाही कसं म्हणता?

…हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने,
कोणाच्याही दबावाला बळी न पडता…
इथे मीच जरा अडखळले.
आयुष्यात असं दुसरं काय केलं होतं
शुद्धीत आणि स्वखुशीने,
दोन्ही एकदम?

सहकारनगरचा फ्लॅट ऋजुताला.
नाते: भावाची मुलगी.
बँकेतली ठेव, दोन पाटल्या आणि शिवणयंत्र
सिंधू बाबूराव धुमाळ, राहणार भोर, यांना.
नाते?

पेन कागदावर टेकलेलं.
खाली यंत्राचा हिरवा उजेड जातोय, येतोय.
नाते.
आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.
रात्रपाळीला ट्रंक कॉल लागेपर्यंत
एका डब्यात दोघी जेवायचो.
तिच्या लग्नात रुखवत मी मांडलं.
बाबूराव गेले तेव्हा तेरा दिवसांसाठी गेले
आणि दोन महिने राहिले.
“मैत्रीण लिहू?”
असू दे, म्हटलं.
सरकारला तेवढं पुरे.

कुलमुखत्यारपत्र वेगळं, पाचशेच्या मुद्रांकावर.
ते तुम्ही असेपर्यंतच, बाई म्हणाल्या,
तुम्ही गेलात की ते संपलं, मग हे सुरू.
कळलं मला. पाळी बदलते तसं.
एकीने हेडफोन काढायचा, दुसरीने लावायचा,
मध्ये घंटी वाजत राहता कामा नये.

आता साक्षीदार. दोन.
ज्यांना तुमच्याकडून काहीही मिळणार नाही असे.

एक, डॉक्टर उकिडवे.
डोकं ठिकाणावर आहे का पाहायला
त्यांनी वार विचारला,
मी तिथीसकट सांगितला.

दुसरा कोण?
रात्रभर माणसं मोजली.
प्रत्येकाला काही ना काही देऊन बसलेली,
निदान लोणचं तरी.
राहिले फक्त दुसऱ्या मजल्यावरचे परचुरे.
टाकीच्या व्हॉल्व्हवरून अकरा वर्षं अबोला,
त्यांची शिडी तेव्हापासून माझ्या बाल्कनीत.
आणि माणूस असा, की सोसायटीत
कोणाचं लाइटबिल किती
हे पाकिटाच्या जाडीवरून सांगेल.

रविवारी शिडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.
एक टोक माझ्याकडे, एक वॉचमनच्या मुलाकडे.
“आज आठवण झाली?”
“सही हवी आहे तुमची.”

मंगळवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, स्वतःचं पेन.
टेबलावर सगळं उघडं पडलेलं,
फ्लॅट, पाटल्या, भोर, मैत्रीण.
परचुऱ्यांनी बगलेतला पेपर उलगडला
आणि मजकुरावर अंथरला,
तळाची चार बोटं जागा मोकळी ठेवून.
“मला काही वाचायचं नाही.
बाईंनी सही केलेली बघायची, एवढंच ना?”

आणि बघितली.
चष्मा नाकावर ओढून,
‘प्रमिला’च्या ‘प्र’पासून ‘शे’च्या मात्रेपर्यंत.
माझ्या हाताकडे इतका वेळ
कोणी बघितल्याचं आठवत नाही.

जिना उतरताना म्हणाले,
“शिडीची एक पायरी ढिली केलीत.”
“होती तशी परत केली आहे.”
“मी दिली तेव्हा ढिली नव्हती.”
स्वारगेटपर्यंत रिक्षात तेच चाललं होतं.
भाडं निम्मं निम्मं.

रात्री नेहमीप्रमाणे नऊला भोरला फोन.
“काय केलंस आज?” सिंधूने विचारलं.
काही नाही गं.
परचुऱ्यांची शिडी
देऊन टाकली एकदाची.